पहाटेचं पद

आमच्या घरात ‘सौभद्र’ दोन होती. एक आजोबांचं, मिरजेचं. दुसरं आजीचं, फोंड्याकडच्या तिच्या माहेरच्या देवळातलं. नाटक तेच, अण्णासाहेब किर्लोस्करांचं. पण रात्रीची जेवणं उरकून दोघं पान लावायला बसली की वाद निघायचाच. आम्ही नातवंडं सुपारीच्या खांडासाठी तिथंच घुटमळायचो, आणि मला तर वाटतं, मी ते नाटक आधी या भांडणातच पाहिलं.

आजोबा कृष्णाकाठचे. गावातली पाच-सहा मंडळी बैलगाडी जुंपून मिरजेला गंधर्वांचं नाटक बघायला जायची. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात बांधलेलं दही. साल ते कधी १९२४ सांगत, कधी १९२६. पण चटणीत लसूण जास्त झाला होता, हे मात्र दर वेळी तेच. पडदा वर जायच्या आधीच अत्तराचा वास शेवटच्या रांगेपर्यंत यायचा. मग ऑर्गनचा सूर, कादरबक्षांची सारंगी आणि बालगंधर्वांची सुभद्रा. “नुसता पदर सावरला तरी माणसं हळहळायची,” असं म्हणताना आजोबांचा हात नकळत स्वतःच्या उपरण्याकडे जाई.

त्यांच्या वडिलांना मात्र हे पसंत नव्हतं. पणजोबांनी म्हणे भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहिली होती. म्हणे, कारण घरात ती गोष्ट कानोकानीच आली. हे नाटक १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिल्यांदा झालं तेव्हा तीनच अंक झाले, पुढचे दोन नंतरच्या वर्षी आले. त्यात शंभराहून जास्त पदं. साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली, कानडी मुलखातून आलेल्या काही. भाऊराव पद झटक्यात म्हणत आणि गोष्ट पुढे धावे. गंधर्वांच्या काळात तेच पद ख्यालासारखं फुलू लागलं. “सुभद्रेला पळवायची वेळ झाली तरी हे अजून आळवतायत,” असं पणजोबा म्हणत. आजोबांना तो फुलोराच हवा असायचा. बापलेकांचं यावरून कायम वाजलेलं.

आजीचं सगळं वेगळं. तिच्या देवळात उत्सवाची पालखी आत गेली, तीर्थप्रसाद झाला, की अकरानंतर कधीतरी नाटक सुरू व्हायचं. पोर्तुगीज अमलात तिथल्या कितीतरी घरांना मराठी भेटली ती देवळातल्या पुराणात, कीर्तनात आणि या नाटकांत. गावातलेच लोक सोंगं घ्यायचे. तिचा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादामामा म्हणायचो, नारळाचा व्यापार करायचा आणि वर्षातून एकदा सुभद्रा व्हायचा. त्यासाठी मिशी काढावी लागे. वडील हयात असताना मिशी काढायची म्हणून त्याची आई दर वर्षी दोन दिवस अबोला धरायची आणि तिसऱ्या दिवशी त्याला नेसवायला स्वतःचंच लुगडं द्यायची.

“तुमच्या गंधर्वांच्या सुभद्रेला दुर्योधनाची भीती वाटायची कुठं? ती गाण्यात रमलेली,” आजी म्हणायची. “आमचा दादा खरा रडायचा. बायका उठून बलरामाला बोल लावायच्या.” मला यात आजीचं म्हणणं पटतं. अण्णासाहेबांनी गोष्ट महाभारतातून घेतली, पण घर मराठी बांधलं. थोरल्या भावानं परस्पर ठरवलेलं स्थळ, धाकट्यानं आतून केलेली मसलत, वहिनीचा आधार, संन्याशाचा वेष घेऊन घरातच उतरलेला नवरामुलगा. मांडवातल्या प्रत्येक बाईला यातलं काही ना काही घरचं वाटणारच.

मी स्वतः सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात छोटा गंधर्वांचा कृष्ण पाहिला. वय झालेलं, अंग सुटलेलं, पण डोळ्यांत खट्याळपणा असा की रुक्मिणीनं काय करावं! एकाच पदाला वन्समोअर मिळाला की दुसऱ्यांदा ते वेगळ्याच वाटेनं जायचं, तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या. पुढे कीर्ती शिलेदारांची सुभद्रा पाहिली. तिच्यात गाणं आणि राग दोन्ही होतं, ते आजोबा-आजी दोघांनाही एकदम चाललं असतं. अलीकडे दोन-अडीच तासांचे प्रयोग होतात. मुलं चांगली गातात, मी तिकीट काढून जाते. पण एक गोष्ट मला खुपते. कृष्ण रुक्मिणीला रात्र सरत आल्याचं पद म्हणतो, तेव्हा बाहेर साडेसात वाजलेले असतात आणि रस्त्यावर गाड्यांची गर्दी असते.

कारण ते पद मी पहिल्यांदा ऐकलं ते आजीच्या देवळात. गोवा मुक्त होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, मी नऊ-दहा वर्षांची. आजोबा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासुरवाडीच्या उत्सवाला आले होते, तेही कुरकुरत. संध्याकाळी जत्रेत त्यांनी मला खाजं घेऊन दिलं. आल्या-गुळाचा तो चिकट गोडवा बोटांना होता तसाच ठेवून मी आजीच्या मांडीवर झोपले. दुर्योधन, घटोत्कच, सगळं झोपेतच गेलं. मग आजीनं हलवलं. “ऊठ गे बाय, आता ऐक.”

कृष्णाचं काम करणारा शाळामास्तर होता, आवाज रात्रभरात बसलेला. पेट्रोमॅक्स मंद झालेल्या. तो पूर्वेकडे हात करून गायला लागला आणि मी तिकडे पाहिलं, तर पडद्याच्या कडेपलीकडे पोफळींच्या मागे आभाळ खरंच उजळत होतं. कुठंतरी कोंबडा आरवला. मास्तर क्षणभर थांबला, हसला आणि तीच ओळ पुन्हा घेतली.

पद संपलं. शाल गुंडाळून बसलेल्या आजोबांनी काठी जमिनीवर आपटली, आणि मांडवातला पहिला वन्समोअर त्यांचा होता. आजी त्यांच्याकडे न बघता पानाला चुना लावत राहिली.