भूसुरुंग-निष्कासन : परिभाषा व माहिती-व्यवस्थापन

भूसुरुंग-निष्कासन : जमिनीत पुरलेले वा पृष्ठभागावर पसरलेले सुरुंग आणि अन्य स्फोटक अवशेष शोधून काढणे, ते नष्ट करणे व ती जमीन वापरण्यास सुरक्षित झाल्याची ग्वाही देणे, या कार्याला भूसुरुंग-निष्कासन म्हणतात. या कार्याची आंतरराष्ट्रीय परिभाषा मुख्यत्वे १९८८ नंतरच्या काळात घडली. तिच्यातील बहुतेक संज्ञांचा संबंध प्रत्यक्ष जीवितरक्षणाशी आहे. एखाद्या शेताला ‘संशयित’ म्हणावे की ‘निष्कासित’, यावर तेथे नांगर फिरणार की नाही हे ठरते.

शब्दाचा इतिहास : ‘सुरुंग’ हा शब्द संस्कृत ‘सुरुङ्गा’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ भुयार असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात तो याच अर्थाने येतो. नळी या अर्थाच्या ‘सिरिंक्स’ या ग्रीक शब्दापासून तो आला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. तटाखाली भुयार खणून त्यात दारू ठासण्याची पद्धत रूढ झाल्यावर भुयाराचे नाव त्यातील स्फोटक भारालाही मिळाले. १६६० साली शायिस्ताखानाच्या सैन्याने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज अशाच सुरुंगाने उडविला. फिरंगोजी नरसाळा याने तोवर सु. दोन महिने किल्ला लढविला होता. खाण व स्फोटक भार या दोन्ही अर्थी वापरल्या जाणाऱ्या ‘माइन’ या इंग्रजी शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. पहिल्या महायुद्धात ७ जून १९१७ रोजी बेल्जियममधील मेसिन येथे ब्रिटिशांनी जर्मन फळीखाली उडविलेले १९ सुरुंग या जुन्या, भुयारी प्रकारचेच होते. मराठीत विहिरीचा खडक फोडण्यासाठी लावतात तोही सुरुंगच. त्यामुळे बळीच्या स्पर्शाने उडणाऱ्या युद्धसाधनासाठी ‘भूसुरुंग’ हा वेगळा शब्द आवश्यक ठरला.

स्पर्शाने किंवा दाबाने स्वतःच उडणारी साधने अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली गेब्रिएल रेन्स या दक्षिणी सेनाधिकाऱ्याने व्हर्जिनियात वापरली. त्यांना त्या वेळी ‘टॉर्पेडो’ म्हणत. पुढे हे नाव सागरी अस्त्राकडे गेले. जमिनीवर ते बंगलोर टॉर्पेडो या साधनाच्या नावात उरले. मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीतील मॅक्लिंटॉक या अधिकाऱ्याने १९१२ मध्ये ते तयार केले. काटेरी तारांच्या अडथळ्यांतून वाट पाडण्यासाठी वापरावयाची ही स्फोटक द्रव्याने भरलेली लांब नळी होय.

मार्गभेद आणि निष्कासन : दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंगांचा वापर प्रचंड प्रमाणावर झाला. १९४२ मध्ये अल् अलामेन येथे रोमेलच्या सैन्याने पेरलेल्या विस्तीर्ण क्षेत्रांना ‘सैतानाच्या बागा’ असे नाव होते. त्यांतून वाटा काढताना युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने विकसित केलेला हातात धरावयाचा धातुशोधक उपयोगी पडला. या लष्करी कामास मार्गभेद म्हणतात. त्यात वेळ सर्वांत महत्त्वाचा असतो. रणगाडे जातील एवढी अरुंद पट्टी मोकळी झाली की काम झाले, आणि काही हानी गृहीतच धरलेली असते. नागरी निष्कासनात याच्या नेमके उलट असते. तेथे वेळ गौण असून ठरविलेल्या क्षेत्रातील, ठरविलेल्या खोलीपर्यंतचा प्रत्येक सुरुंग निघणे आवश्यक असते. सैन्य त्या पट्टीवरून एकदाच जाते, शेतकऱ्याच्या पिढ्या मात्र त्या जमिनीवर राबणार असतात.

हा भेद संज्ञेच्या पातळीवर अफगाणिस्तानात स्पष्ट झाला. सोव्हिएट सैन्य माघारी जात असताना, ऑक्टोबर १९८८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी तेथील सुरुंगांच्या प्रश्नासाठी देणगीदार देशांकडे निधी मागितला. त्या आवाहनात ‘मानवतावादी सुरुंगमुक्ती’ ही संज्ञा प्रथम वापरण्यात आली. अफगाणिस्तानात कामाच्या खुणांची एक साधी भाषाही रूढ झाली. रंगविलेल्या दगडाची लाल बाजू धोक्याकडे आणि पांढरी बाजू मोकळ्या केलेल्या जमिनीकडे असते. निरक्षर मेंढपाळालाही ती वाचता येते.

प्रमाणीकरण : प्रारंभी प्रत्येक संस्था आपापल्या संज्ञा वापरीत असे. त्यामुळे एका संस्थेच्या ‘स्वच्छ’ या शब्दावर दुसरीला विसंबता येत नसे. जुलै १९९६ मध्ये डेन्मार्कमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निष्कासनाच्या समान व्याख्येवर मतैक्य झाले. संयुक्त राष्ट्रांनी मार्च १९९७ मध्ये पहिली मानके प्रसिद्ध केली. ती सुधारून ऑक्टोबर २००१ मध्ये सुरुंगविषयक कार्यवाहीची आंतरराष्ट्रीय मानके म्हणून प्रसृत करण्यात आली. परिभाषाकोश हा त्यांचाच एक भाग असून माहिती-व्यवस्थापनासाठी स्वतंत्र मानक आहे.

या परिभाषेतील काही भेद महत्त्वाचे आहेत. सुरुंगविषयक कार्यवाही ही सर्वांत व्यापक संज्ञा होय. तीत सुरुंगमुक्ती, धोक्याविषयीचे लोकशिक्षण, बळींना साहाय्य, साठ्यांचा नाश व वापराविरुद्ध प्रचार ही पाच अंगे येतात. सुरुंगमुक्ती या संज्ञेत सर्वेक्षण, नकाशे, खुणा, निष्कासन, नोंदी व जमिनीचे हस्तांतर या सर्वांचा समावेश होतो. निष्कासन हा तिचा केवळ एक टप्पा आहे. न फुटलेला दारूगोळा म्हणजे डागलेला वा टाकलेला, पण निकामी राहिलेला. परित्यक्त दारूगोळा न वापरताच मागे सोडलेला असतो. या दोहोंना मिळून युद्धाचे स्फोटक अवशेष म्हणतात. २००३ च्या एका आंतरराष्ट्रीय मसुद्याने या संज्ञेला कायदेशीर रूप दिले. संज्ञा अनुभवाने बदलतात, याचे उदाहरण म्हणजे ‘सुरुंगजागृती’ हा शब्द मागे पडून त्याजागी ‘धोका-शिक्षण’ हा शब्द आला. धोका ठाऊक असूनही सरपणासाठी वा भंगारासाठी लोक त्या क्षेत्रात जातात, असे आढळून आले. म्हणून केवळ जाणीव पुरेशी नाही, वर्तन बदलले पाहिजे, हे मान्य झाले.

आकडे आणि क्षेत्र : १९९० नंतरच्या दशकात ६४ देशांत ११ कोटी सुरुंग पुरलेले असल्याचा अंदाज सर्वत्र उद्धृत होत असे. त्या काळच्या गतीने ते काढण्यास अकराशे वर्षे लागतील, असेही सांगितले जाई. या आकड्याने जगाचे लक्ष वेधले, पण कामाच्या नियोजनास तो निरुपयोगी होता. एका सुरुंगाच्या संशयानेही संपूर्ण शेत पडीक राहते, तर निर्मनुष्य डोंगरावरील हजार सुरुंग कोणाला फारसे बाधत नाहीत. म्हणून मोजमापाचे एकक सुरुंगांच्या संख्येवरून बाधित क्षेत्र व गावांवरील परिणाम यांकडे वळले. परिणाम-सर्वेक्षणांपैकी पहिले येमेनमध्ये २००० साली पूर्ण झाले.

तथापि अशा सर्वेक्षणांतून दुसरा दोष निर्माण झाला. कंबोडियात १९८० नंतरच्या दशकात थायलंडच्या सीमेलगत ‘के-५’ नावाचा सुरुंगपट्टा उभारण्यात आला होता. १९९६ या एका वर्षात तेथे ४,३०० हून अधिक लोक सुरुंग व अन्य स्फोटकांनी मेले वा जखमी झाले. २००२ च्या सर्वेक्षणात तेथील जवळजवळ निम्मी गावे बाधित ठरली आणि सु. ४,४६६ चौ. किमी. क्षेत्र संशयित म्हणून नोंदले गेले. प्रत्यक्षात त्याच्या मोठ्या भागात सुरुंग नव्हतेच. गावकऱ्यांनी सांगितलेली भीती तशीच नकाशावर उतरली होती. मात्र एकदा नोंद झाल्यावर ती पुसण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या पुराव्यावर, याचे उत्तर नियमांत नव्हते. परिणामी निर्धोक जमीनही इंचाइंचाने तपासावी लागे आणि खऱ्या सुरुंगक्षेत्राची पाळी उशिरा येई.

भूमिमुक्ती : यावर उपाय म्हणून २००९ च्या मानकांत भूमिमुक्ती ही संकल्पना मांडण्यात आली. तिचे तीन टप्पे आहेत. अतांत्रिक सर्वेक्षणात धोक्याच्या जागी प्रवेश न करता साक्षी, अपघातांची माहिती व जुने दस्तऐवज तपासतात. पुरावा अप्रत्यक्ष असल्यास ते संशयित धोकाक्षेत्र व प्रत्यक्ष असल्यास निश्चित धोकाक्षेत्र ठरते. पुरावाच नसल्यास क्षेत्र रद्द करतात. तांत्रिक सर्वेक्षणात प्रत्यक्ष प्रवेश करून सीमा आखतात. त्यामुळे वगळल्या गेलेल्या भागास घटविलेले क्षेत्र म्हणतात. उरलेल्या भागावर संपूर्ण शोध होतो, ते निष्कासित क्षेत्र होय. रद्द, घटविलेले व निष्कासित हे तीन आकडे अहवालात वेगळे दाखविणे आवश्यक असते. अन्यथा कार्यालयातील कागदावर झालेली प्रगती आणि गुडघ्यांवर बसून केलेले काम यांत भेद राहत नाही. सर्व वाजवी प्रयत्नांनंतरही जो धोका उरतो, त्यास शेष धोका म्हणतात. मोझँबीक हा देश सप्टेंबर २०१५ मध्ये सुरुंगमुक्त घोषित झाला. अशा घोषणेनंतरही एखादी वस्तू सापडू शकते, हे या संज्ञेत गृहीत आहे.

माहिती-व्यवस्थापन : सुरुंग पेरणाऱ्यांनी केलेली नोंद हा सर्वोत्तम पुरावा होय, पण ती क्वचितच पूर्ण असते. बॉस्नियातील पक्षांना १९९५ च्या डेटन करारानुसार सुरुंगक्षेत्रांची माहिती द्यावी लागली. ती अपुरी निघाली. शिवाय पुराने किंवा वाळूच्या टेकड्या सरकल्याने सुरुंग जागा बदलतात.

जिनीव्हा येथे १९९८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरुंगमुक्ती केंद्रासाठी झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने एक संगणकीय माहितीप्रणाली तयार केली. ती प्रथम १९९९ मध्ये कोसोव्होत वापरण्यात आली व पुढे अनेक देशांत रूढ झाली. तीत प्रत्येक धोकाक्षेत्रास स्वतंत्र क्रमांक, सीमेवरील वळणबिंदूंचे सहनिर्देशक, पुराव्याचा प्रकार, झालेले काम, गुणवत्ता-तपासणी व हस्तांतर यांची साखळी राखली जाते. सहनिर्देशकांचा पायाही नोंदीत असावा लागतो. कंबोडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारित ‘इंडियन १९६०’ या मूलांकावर होते, तर उपग्रहीय स्थाननिर्देशक वेगळा मूलांक वापरतात. त्यांची गल्लत झाल्यास तीच जागा कित्येक शंभर मीटर सरकते आणि सुरुंगक्षेत्र नकाशावर शेजारच्या शेतात जाते.

भारतातील स्थिती : १९९७ च्या ओटावा कराराने मनुष्यविरोधी सुरुंगांवर संपूर्ण बंदी घातली. तो १ मार्च १९९९ पासून अंमलात आला. भारत त्याचा सदस्य नाही. मात्र सुरुंगक्षेत्रांची नोंद ठेवणे व मनुष्यविरोधी सुरुंग धातुशोधकास सापडेल असा (८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत देणारा) असणे ही बंधने घालणाऱ्या १९९६ च्या सुधारित मसुद्याने भारत बद्ध आहे. डिसेंबर २००१ नंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ मध्ये पश्चिम सीमेवरील शेतजमिनींत सुरुंग पेरण्यात आले. त्यांच्या निष्कासनाचे काम पुढे काही वर्षे चालले.

महाराष्ट्रात ‘भूसुरुंगस्फोट’ हा शब्द गडचिरोलीच्या संदर्भात परिचित आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील अशा स्फोटात १५ पोलीस कर्मचारी व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. परिभाषेनुसार मात्र येथे सावध राहावे लागते. दूर बसलेला माणूस तारेने वा अन्य संकेताने ज्याचा स्फोट घडवितो, ते ओटावा कराराच्या अर्थाने सुरुंग नव्हे. माणसाच्या उपस्थितीने, समीपतेने वा स्पर्शाने उडणारे ते मनुष्यविरोधी सुरुंग, मग ते कारखान्यात केलेले असो वा घरगुती. मागे राहिलेल्या साधनाचे स्वरूप ओळखूनच शोधाची पद्धत ठरते, म्हणून हा भेद केवळ कायद्यापुरता नाही.

सद्यःस्थिती : रशियाच्या २०२२ मधील आक्रमणानंतर युक्रेनमधील सु. १,७४,००० चौ. किमी. क्षेत्र संभाव्य बाधित म्हणून गणले गेले. सर्वेक्षणानंतर हा आकडा पुष्कळ खाली आला. कंबोडियाचा धडा येथे उपयोगी पडत आहे. दुसरीकडे एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया, फिनलंड व पोलंड या देशांनी २०२५ मध्ये ओटावा करारातून बाहेर पडत असल्याची सूचना दिली. त्यामुळे नवी सुरुंगक्षेत्रे निर्माण होण्याची शक्यता वाढली आहे. ती पेरताना ठेवलेल्या नोंदी किती अचूक असतील, यावर पुढील पिढीच्या निष्कासकांचे काम अवलंबून राहील.