पत्र्याच्या ट्रंकेपासून केबिन बॅगेपर्यंत : सामानाचे माप कोण ठरवते?

१/
विमानतळावर काउंटरशेजारी एक चौकट ठेवलेली असते. बॅग तीत सहज उतरली तर ती प्रवाशासोबत जाते. अडली तर विमानाच्या पोटात रवाना होते आणि कधी कधी वर पैसेही मोजावे लागतात. हे माप आले कोठून? त्याचा शोध गिरणगावातील एका ट्रंकेपासून घेऊ. #धागा

२/
लालबागच्या आमच्या घरी पलंगाखाली आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, ‘ता. मालवण, जि. रत्नागिरी’. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, ट्रंक त्याआधीची. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचे आहे, विमानप्रवास पहिलाच. नवी बॅग घेण्यापूर्वी सहज ट्रंकेला टेप लावून पाहिली. लांबी ६० सेंमी.

३/
देशांतर्गत विमानांत हातातील बॅगेची लांबी, रुंदी व जाडी यांची बेरीज साधारणपणे ११५ सेंमीपर्यंत चालते, उदाहरणार्थ ५५×३५×२५. इकॉनॉमी वर्गात वजन बहुधा ७ किलो. म्हणजे ट्रंक एकट्या लांबीतच नापास! परंतु तिने आयुष्यभर याहून कठीण चौकटी पार केल्या होत्या.

४/
पहिली चौकट गावकीच्या खोलीची. परळ-लालबागच्या चाळींत एका गावचे अनेक गिरणी कामगार एकाच खोलीत राहत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपण्याची जागा आळीपाळीने. बीडीडी चाळीतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. तेथे प्रत्येकाची हक्काची जागा म्हणजे भिंतीलगत रचलेली ट्रंक आणि दोरीवरची वळकटी.

५/
दुसरी चौकट समुद्राची. कोकणात जाणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढे. अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे व सामान पडावातून किनाऱ्याला लागे. हलत्या बोटीतून खाली देता येईल, पुढे डोक्यावर घेऊन पाणंदीने नेता येईल, एवढेच सामान शहाणा माणूस बांधी.

६/
तिसरी रेल्वेची. डब्यात सोबत नेण्याच्या ट्रंकेस रेल्वेने १००×६०×२५ सेंमी अशी मर्यादा घातली. वातानुकूलित थ्री टियरसाठी ५५×४५×२२.५. दुसरे माप पाहा: केबिन बॅगेच्या किती जवळचे आहे! कारण एकच. सामान बाकाखाली सरकले पाहिजे आणि वाट मोकळी राहिली पाहिजे.

७/
विमानात आरंभी डोक्यावर झाकणाचे कप्पे नव्हते. टोप्या-कोट ठेवण्यापुरती उघडी फळी असे. १९७० मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७ ने बंद कप्पे रूढ केले. १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईत उतरले. फळीला दार आले, तेव्हा बॅगेलाही माप येणे ओघानेच आले.

८/
१९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या अमेरिकी वैमानिकाने दोन चाकांची, लांब दांड्याची उभी बॅग तयार केली. २००८ पासून अमेरिकेतील मोठ्या कंपन्या पोटात टाकलेल्या पहिल्या बॅगेचेही पैसे घेऊ लागल्या. साहजिकच लोक सारे सोबत नेऊ लागले, कप्पे भरले आणि चौकट कडक झाली.

९/
सर्व कंपन्यांचे माप एक का नाही? २०१५ च्या जूनमध्ये ‘आयाटा’ या जागतिक संघटनेने ५५×३५×२० असे समान माप सुचवले. अमेरिकेत एवढा विरोध झाला की काही दिवसांतच प्रस्ताव थांबवावा लागला. त्यामुळे ज्याचे विमान, त्याचे माप.

१०/
म्हणून बॅग घेताना माप बाहेरून घ्यावे, चाके आणि मूठ धरून. रिकामी बॅग तोलावी. ७ पैकी ३ किलो तिचेच असतील तर आपल्यासाठी ४ उरतात. दोन विमाने बदलायची असल्यास लहान माप खरे मानावे. एटीआर ७२ सारख्या छोट्या विमानाचे कप्पे आणखी लहान असतात. २०२१ मध्ये मुंबईहून चिपीला, म्हणजे आजोबांच्याच मुलखात, हेच विमान जाऊ लागले.

११/
आता ट्रंकेविषयी शेवटचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला तसे अनेक कामगार गावी परतले. आजोबाही गेले, मात्र ट्रंक खोलीतच ठेवून, कपडे पिशवीत घालून. ते सांगत, ‘ट्रंक उचलली की जागा गेली.’ पुढे ते परतले तेव्हा भिंतीलगतची जागा शिल्लक होती. आमचे कुटुंब मुंबईत राहिले ते त्यामुळे.

१२/
विमानाची चौकट विचारते, तुमचे सामान आमच्या जागेत बसते का? गावकीच्या खोलीत सामानच माणसाची जागा राखत असे. दिल्लीसाठी ५५ सेंमीची बॅग घेतली आहे. ट्रंक पलंगाखालीच राहील. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर झाकणावरचे गाव, तालुका, जिल्हा जरूर वाचा आणि येथे लिहा.