गुरांचा दाखला

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला जनरल रजिस्टरचे महत्त्व सांगायला नको. मूल कधी आले, कुठून आले, पुढे कुठे गेले, सारे त्यात असते; दाखला मुलाबरोबर नव्या शाळेत जातो. ब्रिटनने गुरांसाठी अशीच नोंद सक्तीची केली, पण फार मोठी किंमत मोजल्यावर.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांनी गुरांचा एक नवा मेंदूविकार ओळखला. लोक त्याला 'मॅड काऊ' म्हणू लागले. गवत खाणाऱ्या गाईंच्या खाद्यात मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी मिसळली जात होती, त्यातून तो पसरला. जुलै १९८८ मध्ये असे खाद्य देण्यावर बंदी आली. गोमांस मात्र सुरक्षित आहे, असेच सरकार सांगत राहिले. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर भरवायला निघाले!

२० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावे लागले, की माणसांतल्या एका नव्या जीवघेण्या आजाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली.

आता प्रश्न आला, कुठली गाय कुठे जन्मली, कुठल्या गोठ्यात वाढली? नोंदी होत्या, पण ज्याच्या त्याच्या वहीत. म्हणून तीस महिन्यांवरची जवळजवळ सगळीच गुरे माणसाच्या खाण्यातून बाद करावी लागली. जुलै १९९६ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला पासपोर्ट आला. सप्टेंबर १९९८ मध्ये वर्किंग्टन गावी त्यांचे मध्यवर्ती संगणकीय दप्तर सुरू झाले. गुरू एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गेले, की तिथे कळवायचे.

गंमत उत्तर आयर्लंडची पाहा. सरकार तेच, पण तिथे गुरांच्या नोंदी १९८८ पासूनच संगणकावर होत्या. रोगही तिथे कमी होता, हे खरे. पण कुठल्या कळपात तो नव्हता, हे त्यांना दाखवता आले. त्यांची निर्यात जून १९९८ मध्ये सुरू झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्सला ऑगस्ट १९९९ पर्यंत थांबावे लागले.

नोंदवहीने रोग बरा होत नाही. तो आटोक्यात आला खाद्य बदलल्यामुळे. ब्रिटनमध्ये १७८ माणसे त्या आजाराने गेली, ती काही परत येणार नाहीत. पण मंत्र्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याखेरीज लोकांच्या हाती तेव्हा दुसरे काही नव्हते. नोंद असली, की शब्द पडताळून पाहता येतो.

आपल्याकडेही आता गाईम्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला दिसतो. बिल्ला टोचणे सोपे असते, मंडळी. जनावर विकले, हलवले, मेले, की त्या अंकापुढे ते खरेखुरे लिहिणे, हे खरे काम!