चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

२०२४ साली प्रोजेक्टसाठी काही महिने हॅम्बुर्गला होतो. ऑफिसला जाताना मेट्रोचं एक स्टेशन लागायचं, 'राउहेस हाउस'. शब्दशः अर्थ 'खडबडीत घर'. पुण्यात भिकारदास मारुती असतो तसं इथे हे असेल, असं म्हणून मी दोन महिने सोडून दिलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी टीममधल्या एका बाईंनी (वयाने माझ्या आईएवढ्या) आम्हा तिघा-चौघा 'परदेशी पोरांना' घरी बोलावलं. कार्यक्रम होता नाताळचा रीथ बनवायचा. आता रीथला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्नच आहे. शब्दकोश म्हणतो पुष्पचक्र, पण ते आपण वाहतो हुतात्म्यांना. ऐन सणात घरात पुष्पचक्र कोण ठेवणार? जर्मन लोक 'क्रान्त्स' म्हणतात. मी आपलं 'कडं' म्हणतो.

कृती सोपी आहे. बाजारात गवताची घट्ट बांधलेली गोल चुंबळ मिळते. हो, डोक्यावर हंडा घ्यायला बायका करतात तसलीच, फक्त आकाराने मोठी. फरच्या फांद्या वीतभर लांबीच्या तोडायच्या, दोन-तीन एकत्र धरून चुंबळीवर ठेवायच्या आणि बारीक तारेने आवळायच्या. पुढची जुडी आधीच्या देठांवर चढवायची, म्हणजे तार झाकली जाते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे माझं कडं आठवडाभर न विंचरलेल्या डोक्यासारखं झालं. मग खाली खिळा असलेल्या पत्र्याच्या चार वाट्या खोचायच्या, त्यांत चार जाड मेणबत्त्या. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी एक पेटवायची, पुढच्या रविवारी दोन, मग तीन, मग चारही. या काळाला ॲडव्हेंट म्हणतात, मराठी ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात.

निघताना बाई सहज म्हणाल्या, "हे सगळं तुझ्या त्या मेट्रो स्टेशनातून आलंय, माहितीये ना?"

नव्हतं माहीत. त्या वीकेंडला दुसरं काही केलं नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्या पानावर हमखास सापडेल की हे कडं म्हणजे प्राचीन जर्मन टोळ्यांचं सूर्यचक्र, हिवाळ्यात सूर्याला परत बोलावण्यासाठी वगैरे. ऐकायला छान वाटतं. पण मेणबत्त्या मोजणाऱ्या या कड्याचा माग काढत गेलं की आपण कुठल्या जंगलातल्या टोळीपाशी पोचत नाही. पोचतो १८३९ सालच्या हॅम्बुर्गमध्ये, एका मास्तरापाशी.

योहान हिन्रिख विखर्न, जन्म १८०८, हॅम्बुर्गचाच. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि शिकवण्या करून त्याने घर चालवायला हातभार लावला. पुढे धर्मशास्त्र शिकून परत आला तो शहराच्या गरीब वस्तीतल्या रविवारच्या शाळेत शिकवायला. तिथे तो घरोघरी गेला आणि जे पाहिलं ते लिहून काढलं: कुठे किती माणसं एका खोलीत झोपतात, कुणाचा बाप दारू पितो, कुठलं पोर भीक मागतं, कुठलं चोरी करतं. समृद्ध बंदर, व्यापाऱ्यांचं श्रीमंत शहर, आणि बोळाच्या आत हे.

१८३३ साली कार्ल सीवेकिंग नावाच्या शहरातल्या बड्या अधिकाऱ्याने त्याला शहराबाहेर हॉर्न नावाच्या गावात एक जुनं, गवती छपराचं घर आणि जमीन दिली. तेच राउहेस हाउस. विखर्न आई आणि बहिणीला घेऊन तिथे राहायला गेला. वर्ष संपेपर्यंत बारा मुलगे आले होते. तेव्हा विखर्न होता पंचवीस वर्षांचा. मी पंचविसाव्या वर्षी अप्रेझलमध्ये किती टक्के वाढ मिळाली यावरून आठवडाभर जेवलो नव्हतो. असो.

त्या काळी अशा पोरांची जागा म्हणजे तुरुंग किंवा कोंडवाडा. इथे कुंपणाची भिंत नव्हती, दाराला कड्या नव्हत्या. पळून जायचं तर जाता येत होतं. साधारण डझनभर मुलांचं एक 'कुटुंब', त्यांच्यासोबत राहणारा एक मोठा 'भाऊ', आणि दिवसभर शेती, सुतारकाम, शाळा.

आणि डिसेंबर आला की ही पोरं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले?

हा प्रश्न आपणही विचारलाय. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दिवाळीपर्यंतचे चौकोन पेन्सिलने खोडायचो आणि आई ओरडायची. पण मला दिवाळी येणार याची खात्री होती. दरवर्षी आली होती. या पोरांच्या बाबतीत मोठ्या माणसांनी दिलेला शब्द कितीदा पाळला गेला असेल, कोण जाणे. त्यांचं पुन्हापुन्हा विचारणं मला उतावीळपणा नाही वाटत. मला ती चौकशी वाटते, की नक्की येणार ना?

१८३९ साली विखर्नने गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्याचं लाकडी कडं केलं आणि त्यावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक जास्त पेटवायची. साध्या दिवशी लाल, रविवारी पांढरी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही वर बघून कळेल की किती झाले आणि किती राहिले.

हे २० आणि ४ कुठून आले म्हणून मी हिशोब केला (सवय!). १८३९ साली आगमनकाळाचा पहिला रविवार होता १ डिसेंबर. १ ते २४ म्हणजे चोवीस दिवस. त्यात रविवार १, ८, १५, २२ असे चार. उरले वीस. बरोब्बर! गंमत म्हणजे २०२४चं डिसेंबर वाराने तंतोतंत तसंच होतं. पण दरवर्षी असं नसतं. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीही येतो, त्यामुळे दिवस २२ पासून २८ पर्यंत काहीही होतात आणि लाल मेणबत्त्या १८ ते २४. म्हणजे दरवर्षी कडं नव्याने मांडावं लागतं.

फरच्या फांद्या नंतर आल्या, साधारण १८६०च्या सुमारास. मग ही कल्पना घराघरात शिरली आणि तिथे मेणबत्त्या चारच उरल्या. साहजिक आहे. दिवाणखान्यात गाडीचं चाक टांगायला छत आणि खिसा दोन्ही मोठे लागतात. रोज सगळ्या पेटवायच्या तर चोवीस दिवसांत एकूण तीनशे वेळा वात पेटते. चार रविवारांत फक्त दहा वेळा. ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हेच :-) पण रोजची मोजणी मात्र गेली. ती पुढे विसाव्या शतकात छापील कॅलेंडरांनी उचलली, रोज एक खिडकी उघडायची ती. मूळ चोवीसवाल्या कड्याला आता जर्मनीत विखर्नचं नाव लावून ओळखतात.

विखर्न प्रोटेस्टंट. कॅथलिक चर्चमध्ये कडं टांगलं गेलं ते थेट १९२५ साली, कोलोनला. तिथून पुढे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती अशी पद्धत रुळली. वसईच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो भांडायलाच उठला. लहानपणापासून चर्चमध्ये तेच बघितलेलं, त्याला वाटायचं हे रोमन काळापासून आहे.

विखर्नला संत करायची मला इच्छा नाही. गरिबीचं मूळ माणसं देवापासून दूर गेली यात आहे, असं तो मानायचा. मजुरी, घरभाडं, कारखाने हे त्याच्या लेखी दुय्यम. १८४८ची क्रांती त्याला मुळीच पटली नव्हती. यावर त्याच्याशी कडाडून वाद घालता येईल. चाकावर वाद घालायला मात्र मला काही सापडत नाही.

एका शनिवारी मी त्या स्टेशनवर उतरलो. १९४३च्या बॉम्बहल्ल्यांत जुन्या इमारती बहुतेक सगळ्या गेल्या, पण संस्था आजही चालू आहे.

२२ डिसेंबरला चौथी मेणबत्ती लावली. पहिली तोवर बोटभर उरली होती, दुसरी तिच्याहून उंच, तिसरी आणखी, चौथी कोरी. सरळ बार चार्ट. हीटरने फांद्या वाळून टेबलभर सुया पडल्या होत्या. वाळलेलं फर भसकन पेटतं, म्हणून बाईंनी बजावलं होतं की शेजारी पाणी ठेव आणि खोलीतून हलू नकोस. आईला व्हिडिओ कॉल केला, कडं दाखवलं. तिचा फोनवरचा नेहमीचा पहिला प्रश्न म्हणजे, "आता किती दिवस राहिले रे?"

"पाच," मी म्हटलं.

"बरं. ते आधी पडद्यापासून लांब सरकव."