तिकीट हाच राजाश्रय

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की आमच्या जानेफळात मुंबईला जाण्याच्या गोष्टी निघू लागतात. कोणाची लेक दादरला दिलेली, कोणाचा भाऊ ठाण्याला नोकरीस. एस.टी.ने खामगाव गाठायचे, पुढे शेगावहून रात्रीची गाडी धरायची, की सकाळी मुंबई! परंतु पिशव्या भरण्याआधी घरोघर एक वाद ठरलेला असतो. नाटक कोणते पाहायचे? आजोबांना पदांचे हवे, सूनबाईंना हसविणारे, मुलांना मालिकेत दिसणारा नट प्रत्यक्ष पाहायचा असतो. मग पाच तिकिटांचा हिशेब होतो, आणि कोणीतरी हळूच विचारते, "ओळखीने पास नाही का मिळायचा?"

मी शाळेत इतिहास शिकविणारा मास्तर. हा पासाचा प्रश्न ऐकला की मला सांगलीची आठवण होते; कारण मराठी नाटकाचे बालपण अशा फुकट पाहणाऱ्यांपुढेच गेले.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. ही तारीख आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना तसे काही मराठीत करावयास सांगितले होते. खर्च दरबाराचा, आज्ञा दरबाराची. ज्याला बोलावणे असेल त्याने यावे, जे दाखवतील ते पाहावे. प्रेक्षकाने खिशात हात घालण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच निवडीचा अधिकारही त्याला नव्हता.

१८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांचा आश्रय तुटला. अशा वेळी एखादी कला धन्याबरोबरच सरणावर जायची. भाव्यांनी मात्र मंडळी घेऊन गावोगावची वाट धरली. १८५३ साली ते मुंबईत आले आणि ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. ती जागा नाना शंकरशेटांची; तिथे इंग्रजी नाटके होत. त्याच रंगमंचावर आता मराठी बोलणारे राम-लक्ष्मण उभे राहिले. एका राजाने जो भार वाहिला होता, तो शेकडो अनोळखी माणसांनी आपापल्या कुवतीप्रमाणे वाटून घेतला. गरिबाला ते तिकीट परवडत होते असे मी म्हणत नाही. परंतु निमंत्रणाची जागा पैशाने घेतली, आणि पैसे मोजणाऱ्याला आवडनिवड आली.

या आवडीनिवडीने काय घडते, त्याचा एक दाखला पाहा. बेळगावकडचे अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा' हा गाण्यांनी भरलेला खेळ त्यांच्या पाहण्यात आला, आणि असे मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनात शिरला, असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. एका प्रेक्षकाच्या एका संध्याकाळीतून पुढच्या पन्नास वर्षांचे गाणे निघाले!

तिकिटाचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे ८ जुलै १९२१. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. एरवी रसिकांत दोन तट होते. हा गंधर्वांचा, तो केशवरावांचा. त्या रात्री निवडण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढच्या जागांचे तिकीट शंभर रुपये होते, त्या काळचे शंभर रुपये! तरी लोकांनी ते घेतले. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. ज्यांनी पैशाकडे पाहून पाय मागे घेतला असेल, त्यांची ती रात्र कायमची हुकली.

१९३१ साली बोलपट आला. स्वस्त तिकिटात गाणे, नाच, सारेच मिळू लागले आणि मोठमोठ्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. नाटक पुन्हा उभे राहिले तेही तिकिटाच्याच जोरावर. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली उभे राहिले, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली. वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती, 'प्लॅन' उघडला की खिडकीशी लागणारी रांग आणि दाराशी झळकणारी 'हाऊसफुल्ल'ची पाटी, हा मध्यमवर्गाचा सणच झाला.

आणि १८५१ ची आठवण जुनी वाटत असेल, तर २०२० आठवा. मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरात दारे किलकिली झाली आणि पुढच्या वसंतात पुन्हा मिटली. २२ ऑक्टोबर २०२१ ला ती उघडली, तीही अर्ध्या खुर्च्यांनिशी. पडदा ओढणारा, दिवे लावणारा, कपडेपट सांभाळणारा, या साऱ्यांची चूल तिकिटाच्या खिडकीवर पेटते, हे त्या दिवसांत सर्वांना कळून चुकले.

म्हणून यंदा मुंबईस जाणाऱ्या माझ्या गावकऱ्यांना मास्तरकीच्या हक्काने दोन शब्द सांगतो. नाटक निवडताना नुसता ओळखीचा चेहरा पाहू नका. लेखक कोण, विषय काय, पोरांना बरोबर नेण्याजोगे आहे का, हे विचारा. उतरण्याच्या ठिकाणापासून नाट्यगृह किती दूर, प्रयोग सुटेल केव्हा, परतीचे वाहन कोणते, हेही पाहा. आता तिकीट फोनवरही मिळते. पुढची खुर्ची परवडत नसेल तर बाल्कनीची घ्या. मराठी नाटक ऐकून समजते, आणि आवाज बाल्कनीपर्यंत पोहोचतो.

मात्र पास मागू नका. सांगलीचा राजा गेल्यावर नाटकाने नवा राजा शोधला तो खिडकीपाशी रांगेत उभा असलेल्या माणसात. त्या राजाने फुकट पाहावे, हे त्याच्या पदाला शोभत नाही.