बाटलीतली साखर : उसाची की मक्याची?

उन्हाळ्याच्या दिवसांत घरी पाहुणा आला म्हणजे पूर्वी त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवीत. तो गूळ कोणत्या गुऱ्हाळातला, हे यजमानाला ठाऊक असे आणि गूळ चांगला असेल तर तो ते अभिमानाने सांगेही. आता त्या गूळ-पाण्याच्या जागी शीतपेयाची बाटली आली आहे. तिच्यातली गोडी कोठून आली, हे पाहुणा विचारीत नाही आणि यजमानाला सांगता येत नाही. अमेरिकेत मात्र हा प्रश्न गेली चाळीस वर्षे विचारला जात आहे. शीतपेयात उसाची साखर असावी की मक्याचा पाक, यावर तेथे खटले झाले, दोन देशांमधले तंटे आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे गेले आणि राष्ट्राध्यक्षांनीही त्यात तोंड घातले. या वादाचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे. वरवर पाहता हा जिभेचा वाद दिसतो. वस्तुतः त्याचा निकाल जिभेने कधीच लावला नाही. तो लावला जकातीने, आयातीच्या कोट्याने आणि बाजारभावाने.

साखर आणि राजसत्ता यांचे नाते जुने आहे. साखर हा पदार्थ आपल्या भूमीने जगाला दिला याची साक्ष भाषाच देते. संस्कृतातील ‘शर्करा’ अरबी भाषेत ‘सुक्कर’ झाली, स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ झाली आणि इंग्रजीत ‘शुगर’ झाली. कोलंबसाने १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढील तीन-चार शतके त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे रक्त आटले. नेपोलियनच्या काळात इंग्लंडच्या आरमाराने समुद्र अडविला, तेव्हा युरोपात साखर मिळेनाशी झाली. बीटच्या कंदात उसातलीच साखर असते, हे बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ सालीच दाखविले होते; पण बीटची शेती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती नेपोलियनने १८११ साली आज्ञा काढल्यावर. त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खहोफ याने स्टार्च आम्लात उकळून गोड पाक तयार केला. मक्याच्या पाकाचा मूळपुरुष तोच. म्हणजे साखरेला पर्याय सापडतो तो प्रयोगशाळेत; परंतु तो वापरात येतो तो सत्तेची किंवा बाजाराची निकड उत्पन्न झाल्यावर.

अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने १८८६ साली कोका-कोलाचा पाक प्रथम तयार केला. पाण्याखालोखाल त्यात सर्वांत मोठा अंश साखरेचा. त्यामुळे शीतपेयांचा धंदा प्रथमपासून साखरेच्या भावाला बांधलेला राहिला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत साखर अतोनात महागली आणि १९२० साली तिचा भाव एकाएकी कोसळला. पेप्सी-कोलाचा जनक केलेब ब्रॅडहॅम याने चढ्या भावाने साखर घेऊन ठेवली होती. १९२३ साली त्याचे दिवाळे निघाले.

आता मक्याकडे वळू. किर्खहोफच्या रीतीने होणाऱ्या पाकात ग्लुकोज असे. ग्लुकोज साखरेइतके गोड नसते. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली शर्करा, साखरेहूनही गोड असते. ग्लुकोजचे फ्रुक्टोज करता आले तर मका उसाची बरोबरी करील, हे उघड होते. १९५७ साली मार्शल आणि कूई या दोघा अमेरिकन संशोधकांनी असे रूपांतर घडविणारे एंझाइम सापडल्याचे जाहीर केले. तथापि कारखान्यात वापरता येईल असे ते नव्हते. ती अडचण पुढे १९६० नंतरच्या दशकात जपानमधील सरकारी संशोधनसंस्थेत योशियुकी ताकासाकी यांनी दूर केली. आयोवा राज्यातील क्लिंटन या गावच्या मक्याच्या कारखान्याने जपानची ती कृती घेतली आणि १९६७ पासून हा नवा पाक बाजारात येऊ लागला.

ही कृती समजण्यास कठीण नाही. मक्याचे दाणे सल्फर डायॉक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात भिजत घालतात. मग ते भरडून कोंब, कोंडा आणि प्रथिने वेगळी काढतात. राहतो तो स्टार्च. एक एंझाइम त्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, दुसरे त्यांचे ग्लुकोज करते आणि तिसरे त्यातील काही ग्लुकोजचे फ्रुक्टोज करते. अशा रीतीने शेकडा ४२ भाग फ्रुक्टोज असलेला पाक मिळतो. त्याला आणखी शुद्ध करून व मिसळून शेकडा ५५ चा पाक करतात. गोडीत तो साखरेच्या तोडीचा असल्याने शीतपेयांसाठी मुख्यतः तोच घेतात. शिवाय हा पाक मुळात प्रवाही असतो. पोती फोडा, साखर विरघळवा, गाळा, ही यातायात नको. टाकीतून नळाने सोडला की काम झाले.

एवढे सारे सिद्ध असूनही शीतपेयांचे कारखानदार लगेच मक्याकडे वळले नाहीत. वळविले ते भावाने. अमेरिकेत १९३४ पासून साखरेचा एक कायदा होता. देशी उत्पादकाने किती पिकवावे आणि कोणत्या परदेशाने किती पाठवावे, हे त्याने ठरत असे. १९६० साली क्यूबाचा कोटा रद्द झाला तोही याच व्यवस्थेचा एक भाग म्हणून. १९७४ च्या अखेरीस हा कायदा संपला आणि नेमक्या त्याच वर्षी नोव्हेंबरात जगातील साखरेचा भाव पौंडाला ६० सेंटांच्या वर गेला. मक्याच्या कारखानदारांना एवढी संधी पुरे होती.

पुढे भाव उतरले, तेव्हा ऊस आणि बीट पिकविणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्यांनी संरक्षण मागितले. १९८१ च्या कृषिकायद्याने साखरेला आधारभाव मिळाला आणि तो टिकावा म्हणून १९८२ साली आयातीवर पुन्हा कोटा बसला. परिणाम असा झाला की १९८५ साली जागतिक बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला सरासरी चार सेंटांच्या आसपास असताना अमेरिकेतील कारखानदार वीस सेंट मोजीत होता. जो कायदा उसाच्या रक्षणासाठी केला, त्यानेच मक्याला बाजार मिळवून दिला. कोका-कोलाने १९८० साली आपल्या बाटली भरणाऱ्यांना अर्धी साखर काढून तेथे मक्याचा पाक घालण्याची परवानगी दिली होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी या दोघांनीही सर्वच्या सर्व साखर काढण्याची मुभा दिली.

येथे एक लोकप्रवाद तपासून घेतला पाहिजे. २३ एप्रिल १९८५ रोजी कोका-कोलाने आपले जुने पेय बंद करून नव्या चवीचे पेय आणले. लोक इतके संतापले की ७९ दिवसांत जुने पेय ‘क्लासिक’ या नावाने परत आणावे लागले. हा सारा खटाटोप साखर काढून मका घालण्याचा बदल लपविण्यासाठी होता, असे पुष्कळांनी मानले आणि आजही काही मानतात. परंतु तारखा त्याला पुष्टी देत नाहीत. मक्याचा पाक बाटलीत त्यापूर्वीच शिरला होता, पुष्कळ ठिकाणी तर वर्षानुवर्षे. आणि ज्या जुन्या चवीसाठी लोक हळहळले, तीत तो होताच. तेव्हा जिभेच्या साक्षीवर किती विसंबावे, हे प्रत्येकाने ठरवावे.

बाटली बदलली त्याचा घाव मात्र बाटलीजवळ बसला नाही. अमेरिकेची साखरेची आयात दहा वर्षांत निम्म्याहून खाली आली. फिलिपाइन्समधील नेग्रोस हे बेट जवळजवळ सारे उसावर जगणारे. अमेरिकेच्या बाजारपेठेत त्या देशाला पिढ्यान्‌पिढ्या राखीव जागा होती. ती आकसली, जगाचा भाव कोसळला आणि मार्कोस यांच्या राजवटीत साखरेचा व्यापार त्यांच्या मर्जीतल्या माणसांच्या हाती एकवटलेला. या तिहेरी माऱ्याखाली मळेवाल्यांनी ऊस लावणेच सोडले. मळ्यातील मजुराला स्वतःची जमीन नव्हती. ऊस नाही म्हणजे काम नाही आणि काम नाही म्हणजे भात नाही. १९८५ च्या सुमारास त्या सुपीक बेटावर मुले उपासमारीने मरू लागली. या दुर्दशेचे सारे खापर मक्याच्या पाकावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु आयोवातील कारखान्याची टाकी आणि नेग्रोसमधील झोपडीतली रिकामी चूल यांचा संबंध नव्हता, असेही म्हणता येणार नाही.

दुसरा प्रसंग मेक्सिकोचा. १९९४ च्या उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराच्या कराराने आपली जादा साखर अमेरिकेत खपेल, अशी मेक्सिकोच्या शेतकऱ्यांची आशा होती. किती साखर घ्यावयाची यावर दोन देशांत तंटा सुरू झाला. उलट अमेरिकेतील मक्याचा पाक मात्र मेक्सिकोत येऊ लागला. तेथील साखरधंदा इतका डबघाईला आला की २००१ साली सरकारने २७ साखर कारखाने ताब्यात घेतले. २००२ पासून मेक्सिकोने उसाच्या साखरेखेरीज अन्य गोडी वापरणाऱ्या शीतपेयांवर शेकडा २० कर बसविला. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २००६ साली अपिलातही निकाल मेक्सिकोच्या विरुद्ध गेला आणि कर मागे घ्यावा लागला. गंमत अशी की याच काळात अमेरिकेतले लोक मेक्सिकोत भरलेल्या, उसाच्या साखरेच्या काचेच्या बाटल्या जास्त दाम देऊन घेऊ लागले होते.

मग आरोग्याचे काय? २००४ साली काही संशोधकांनी शंका उपस्थित केली की, अमेरिकेतील वाढत्या लठ्ठपणाचे मूळ मक्याच्या पाकात असावे. तेव्हापासून त्या पाकाचे नाव बदनाम झाले. मक्याच्या कारखानदारांनी २०१० साली ‘मक्याची साखर’ असे नवे नाव मागितले, साखरवाल्यांनी त्यांना न्यायालयात खेचले आणि २०१२ साली सरकारने नव्या नावाला नकार दिला. पण नावाने वस्तू बदलत नाही. उसाच्या साखरेच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मेनिम्म असतात. शीतपेयाच्या मक्याच्या पाकात फ्रुक्टोज शेकडा ५५. शिवाय शीतपेय आम्लधर्मी असल्याने उसाची साखरही बाटलीतच हळूहळू फुटून त्याच दोन शर्करा होतात. दोन्ही गोडींची शेजारी शेजारी तुलना करणाऱ्या प्रयोगांत रक्तातील साखर, भूक वा वजन यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अमेरिकेत मक्याच्या या पाकाचा दरडोई वापर १९९९ च्या सुमारास शिखरावर होता. त्यानंतर तो घटत गेला, पण लठ्ठपणा वाढतच राहिला.

फरक पडतो तो मापाने. अमेरिकेतील ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ-दहा लहान चमचे. वरून घातलेल्या व फळांच्या रसातल्या साखरेने दिवसाच्या ऊर्जेचा दहावा हिस्सा ओलांडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. साधारण माणसास ती मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास येते. एक डबा संपला की दिवसाचा बहुतेक शिधा संपला, मग गोडी उसाची असो वा मक्याची.

मेक्सिकोला हे उमगले असे दिसते. २०१४ साली त्या देशाने पुन्हा शीतपेयांवर कर बसविला, लिटरमागे एक पेसो. मात्र या वेळी साखर कशाची हे विचारले नाही; साखर घातली आहे की नाही, एवढेच विचारले. बारा वर्षांत कायद्याने विचारलेला प्रश्न बदलला आणि या साऱ्या इतिहासातील शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते. अमेरिकेत मात्र जुना प्रश्न अजून जिवंत आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उसाच्या साखरेचा आग्रह धरल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ कोका-कोलाने उसाच्या साखरेचे एक निराळे पेय तेथे आणण्याचे घोषित केले.

आपल्याकडील शीतपेयांत उसाचीच साखर असते, कारण आपल्याकडे ऊस मुबलक आहे. बेळगाव-कोल्हापूरकडे ज्याचा मळा आहे, त्याला याचा आनंद वाटणे साहजिक आहे आणि उसाचा किमान दर दरवर्षी केंद्र सरकार ठरविते, हेही त्याला ठाऊक आहे. पण आमच्या बाटलीत मक्याचा पाक नाही, एवढ्यावर निश्चिंत राहण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला उसाचे दाम मिळावेत आणि मुलाच्या पोटात साखर बेताने जावी, या दोन इच्छा एकमेकींच्या आड येतात. त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा खरा प्रश्न आहे आणि उसाने मक्याला हरविले तरी तो सुटणार नाही. गूळ-पाण्याच्या वाटीत गुळाचा खडा एवढासाच असे. पाहुण्याचा मान त्या एवढ्याशा गोडीने राखला जाई आणि त्याची तहान पाणीच भागवीत असे.