टेंगूळ ते बेशुद्धी : सात तास

हा घटनाक्रम कुणा एका घरचा नाही. गंभीर हिमोफिलिया ‘ए’ असलेलं मूल डोक्यावर पडलं आणि रक्त गोठवणारा ‘फॅक्टर’ वेळेत मिळाला नाही, तर काय होऊ शकतं, ते शिरूर-दौंडच्या मुलखात ठेवून सांगतोय.

संध्याकाळी 5. न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉलीवरून नऊ वर्षांचा पोरगा घसरतो. कपाळावर टेंगूळ. रक्ताचा थेंब नाही.

5.30. आई हळद लावते. दौंडच्या मामालाही हाच आजार, त्याचा गुडघा लहानपणी सुजून सुजून कायमचा आखडलेला. हा आजार बहुतेकदा आईकडूनच मुलाकडे येतो. पोराचं निदान झालंय, पण ‘रक्त तर आलं नाही ना’ म्हणून सगळे निर्धास्त. नेमकी इथेच चूक होते. या आजारात रक्त जोरात वाहत नाही, ते थांबत नाही. आणि कवटीच्या आत वाहिलेलं दिसत नाही.

फॅक्टर आठ द्यायची वेळ हीच. वजन 25 किलो. डोक्याला मार लागला तर किलोमागे 50 युनिट, म्हणजे 1,250. बऱ्याचदा हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं हे प्रथिन कुपीत पांढऱ्या भुकटीसारखं असतं. त्यात सोबतचं पाणी सोडायचं. कुपी खळखळवायची नाही, फेस येतो. तळहातांत हलकेच फिरवायची. मग शिरेतून सावकाश. काही मिनिटांचं काम.

7.30. डोकं दुखतंय. भाकरी नको म्हणतो.

9. उलटी. ‘बाहेरचं काही खाल्लं असेल.’ जवळच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन. या मुलांना स्नायूत सुई टोचायचीच नसते. तिथेही रक्त साकळतं.

10.30. गाडी पुण्याकडे. शिक्रापूर, वाघोली, ट्रकांची रांग. आईला वाटतं, मांडीवर झोप लागली. तो गुंगीत चाललाय.

रात्री 12. पुण्याचं ससून रुग्णालय. हाक मारली तरी डोळे उघडत नाही.

हाच आजार असलेला व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड 1884 मध्ये फ्रान्समध्ये पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. तेव्हा औषधच नव्हतं. आज आहे.

शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत फॅक्टरच्या कुप्या रात्री-अपरात्रीही मिळाल्याच पाहिजेत. रात्रपाळीच्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवावं : डोक्याला मार लागला की आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. आणि आयांनो, टेंगूळ दिसलं की हळद राहू द्या. पोराची फाइल घ्या आणि निघा.